म्होरक्याचं घुंगरू

सोलापूर, ७ जानेवारी २०२५

राजनंदिनी,

आशीर्वाद वगैरे तू धरून चाल.

मोबाइलवर तू मला ब्लॉक केलं आहेस, हे मला शेजारच्या मुमताजनं सांगितलं. मी आपली समजत होते की माझा फोनच बिघडला आहे. त्यापायी दुकानदाराशी भांडूनही आले. मुमताजनं फोन हातात घेतला, जरा बोट फिरवलं आणि तोंड बारीक करून म्हणाली, "म्याडम, फोन चांगलाय की. ताईंनी तुमाला ब्लॉक केलंय." शेजारच्या सुनेच्या तोंडून हे ऐकायची वेळ तू माझ्यावर आणलीस. असो. पोस्टखातं अजून कुणाला ब्लॉक करत नाही. पुण्याचा पत्ता तू पाठवलेल्या पार्सलावरून घेतला. पार्सलात कुत्र्यासाठी कोंबडीच्या वासाच्या गोळ्या होत्या. आईसाठी चार ओळी नव्हत्या.

लिहायचं कारण एकच. तुझं कुत्रं घेऊन जा.

कुत्रं म्हणते, कारण दुसरा शब्द सापडत नाही. मी धनगराच्या पोटी जन्मले. आबांच्या मेंढरांवर राखणीला असलेली कुत्री मी पाहिली आहेत. लांडगा आला तर ती त्याच्या अंगावर जायची. तुझं हे कापसासारखं पांढरं बोंडूक कुकरची शिट्टी झाली की पलंगाखाली जातं. नावही बिस्किटाचं. कुकी! भाजीवाल्यासमोर मी त्याला हाक मारत नाही, मला लाज वाटते.

माझी भिंगरी तुला आवडत नाही, हे मला माहीत आहे. "आई, ते मांजर नाही, खाटीक आहे," असं तू म्हणाली होतीस. पण भिंगरी कमावून खाते. सकाळी दार उघडावं तर उंबऱ्यावर उंदीर, कधी सरडा, कधी खारीची नुसती शेपटी. हजेरी लावून परत भिंतीवर. कुणाचे पाय चाटणं नाही, मांडीत येणं नाही. अशा मांजरासमोर तुझं कुत्रं शेपटी हलवत गेलं. तिनं पंजा उचलला, मारलासुद्धा नाही, नुसता उचलला. तेवढ्यात हे माझ्या साडीत शिरलं. तेव्हापासून भिंगरी त्याच्याकडं बघतसुद्धा नाही, खुर्चीकडं किंवा बादलीकडं बघावं तेवढंही नाही. मला तिचं पटतं.

आता तू का रागावलीस त्याबद्दल. दिवाळीत तू बॅग आणि कुत्रं घेऊन फाटकात उभी राहिलीस, शहाजीचं घर सोडून आले म्हणालीस. त्यावर मी फक्त एवढंच म्हणाले की, "मी सांगितलं होतं." यात खोटं काय आहे? मी साखरपुड्यातच सांगितलं होतं. जो माणूस सासूच्या घरी पाण्याचा पेला आधी उजेडात धरून बघतो आणि मग पितो, तो कुणाचा होत नाही. तू ऐकलं नाहीस. दोन दिवस माझ्याशी न बोलता जेवलीस आणि पुण्याला निघून गेलीस. "सोसायटीत कुत्रं चालत नाही, तोवर ठेव." तोवर म्हणजे कधीपर्यंत ते सांगितलं नाहीस.

कळव.

तुझी (अजून तरी) आई

सोलापूर, १९ जानेवारी २०२५

राजनंदिनी,

उत्तर नाही. परत गोळ्यांचं पार्सल मात्र आलं. त्यात लोकरीचं जाकीटही आहे. इथं दुपारी पंखा लावावा लागतो आणि तू कुत्र्याला जाकीट पाठवतेस. मी ते चहाच्या किटलीवर घालते, छान बसतं.

गड्ड्याच्या जत्रेचं दारूकाम झालं तेव्हा तुझं कुत्रं न्हाणीघरात बादलीमागं थरथरत होतं. भिंगरी गच्चीच्या कठड्यावर बसून सगळं बघत होती. माझी अशी समजूत झाली की ते फटाके नसून पाखरं आहेत आणि आपल्या हाती का लागत नाहीत, असा ती विचार करते आहे. तो विचार दुसऱ्या दिवशी तिनं राजेसाबांच्या गच्चीवर अमलात आणला.

राजेसाब म्हणजे मुमताजचे सासरे. जन्मभर ट्रक चालवला, आता गच्चीवर कबुतरं पाळतात. सकाळी ते आमच्या फाटकात आले, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. माणूस इतका सभ्य की आधी सलाम केला, मग कागद उघडला. आत त्यांची हवेत कोलांट्या मारणारी गिरेबाज मादी, मान लोंबणारी.

"बाई, ये देखो तुमारे मांजर का काम. बच्ची सरीका पाला था मैं इसको."

त्यांचे डोळे भरले होते. मला फार वाईट वाटलं आणि त्यामुळं रागही आला. शिकारी जनावरानं शिकार केली तर ते माफी कशी मागणार? माफी मी मागितली. त्यांचा मुलगा एजाज मागं उभा होता. तो म्हणाला, "म्याडम, राग मानू नका. पोत्यात घालून होटगीकडं सोडून येतो. मारत न्हाय तिला."

"आधी मला पोत्यात घाल," मी म्हणाले.

तो दोन पावलं मागं सरला. पण राजेसाब मागं सरणारे नव्हते. हात जोडून म्हणाले, "बाई, काही तर बंदोबस्त करा. न्हाईतर उद्या दुसरी जाईल." ते हात जोडलेले मला बघवेनात.

म्हणून ट्रंक काढली. आबांच्या म्होरक्याचा पट्टा त्यात आहे. तुला हे ठाऊक नसणार, कारण आबांच्या गावी, नातेपुत्याला नेलं की तू मेंढरांच्या वासानं नाक धरून बसायचीस. म्होरक्या म्हणजे कळपाच्या पुढं चालणारा मेंढा. त्याच्या गळ्यात घुंगरांचा पट्टा असतो. तो वाजत जाईल तिकडं बाकीची मेंढरं खाली मान घालून जातात. रस्ता बघायचं काम त्यांना नाही. पट्ट्याचं चामडं आता सुकलंय, पण पितळ जसंच्या तसं आहे. त्यातलं सगळ्यात लहान घुंगरू सोडवलं आणि नाडीत ओवून भिंगरीच्या गळ्यात बांधलं. दोन्ही मनगटांवर ओरखडे आहेत, अक्षर बिघडलंय ते त्यामुळं. मांजराच्या गळ्यात घुंगरू बांधण्याचं काम सगळ्या जगाला अवघड वाटतं, ते मी एकटीनं केलं आणि मला कुणी शाल-श्रीफळ दिलं नाही.

कबुतरं वाचली. भिंगरीची अब्रू गेली. आता ती दबा धरून बसते, अंग आवरते, झेप घेते, आणि घुंगरू तिच्या आधी पोचतं. कडुनिंबावरची खार तिच्यासमोर बसून निवांत शेंगा सोलते.

आई

सोलापूर, १६ फेब्रुवारी २०२५

राजनंदिनी,

आनंदाची बातमी आहे. तुझं कुत्रं मेंढरू झालं आहे.

मी काही शिकवलं नाही. शिकवायला घेतलं असतं तर आलंच नसतं, तू इतकी वर्षं त्याला काय शिकवलंस ते मी बघतेच आहे. भाकरीचा तुकडा फेकला तर झेलता येत नाही. नाकासमोर पडला तरी हुंगत बसतं, जणू हरवलेली अंगठी शोधतंय. दोरीवर वाळत घातलेल्या माझ्याच साडीवर भुंकतं. डोळ्यांत निळसर झाक आली आहे, ती म्हणे विलायती जातीत असते. मुमताजची अरिबा म्हणते, फोटोत छान दिसतात. दिसू देत, आणखी कशाला उपयोग नाहीच.

पण घुंगरू बांधल्यापासून एक झालंय. भिंगरी चालली की हे उठतं आणि तिच्या मागं चालू लागतं. ती अंगणात, हे अंगणात. ती हौदाला वळसा घालून तुळशीकडं, हेही वळसा घालून तुळशीकडं. ती थांबली की हे थांबतं. मागं, चार हात अंतर राखून, खाली मान घालून. भिंगरीनं पहिल्यांदा वळून फिस्कारलं, एकदा नाकावर फटकाही दिला. ह्यानं फटका खाल्ला आणि परत मागं. शेवटी तिनंच नाद सोडला. आता आमच्या अंगणात रोज मिरवणूक निघते, पुढं घुंगरू वाजवणारी अपमानित बाई आणि मागं हे पांढरं बोंडूक. एजाज फाटकातून बघून हसतो. "म्याडम, बँडवाले सांगू का?" म्हणतो.

तुझा धुळामामा आला होता. अजून मेंढरं राखतो, अजून माझ्या खुर्चीवर बसायला संकोचतो, खालीच बसतो. कुत्रं बघून म्हणाला, "आक्का, ह्ये कुत्रं हाय का ससा? ह्याला लांडगा खायचा बी न्हाय, लोकर घशात अडकंल की." मी म्हणाले, थांब, बघ. भिंगरी उठली, पैंजण घातलेली बाई पाण्याला विहिरीवर जावी तशी वाजत वाजत तोऱ्यात गेली, आणि हे मागं. धुळाचा चेहराच बदलला. उकिडवा बसून तो किती तरी वेळ बघत राहिला.

"लई शाणं हाय की, आक्का! आपल्या आबाच्या मेंढरावानी चालतंय. घंटी सोडत न्हाय. शाण्या जनावराचं लक्षान हाय ह्ये."

आणि तुला सांगते, मलाही बरं वाटलं. आमच्या घरात जनावराची परीक्षा एवढीच. घंटी ऐकतं का? ऐकतं तर गुणाचं. म्हणून ह्या आठवड्यात मी त्याला दुधात कुस्करलेली भाकरी दिली. चाटून पुसून खाल्ली. तुझ्या गोळ्या आता मुंग्या खातात.

भिंगरी मात्र खात नाही. दुधाची वाटी पुढं ठेवली की तिकडं पाठ करून बसते, लाच नाकारणाऱ्या साहेबासारखी. घरात उंदीर शिरलेत. ज्वारीचं पोतं कुरतडलं.

तुझं काय चाललंय ते विचारणार नव्हते. काय चाललंय?

आई

सोलापूर, ४ एप्रिल २०२५

राजनंदिनी,

पाडवा झाला, ईद झाली. मुमताजनं शिरखुर्मा पाठवला होता. तुला आवडतो म्हणून तुझ्या नावाचीही वाटी पाठवली. ताई येणार आहेत का, विचारत होती. मी म्हणाले, ताई फार मोठ्या माणूस आहेत. शिरखुर्मा मी खाल्ला.

राजेसाबांचे गुडघे पार गेले. गच्चीचा जिना चढवेना, म्हणून कबुतरं अकलूजला लेकीकडं, झीनतकडं पाठवून दिली. जीपमध्ये पिंजरे चढवत होते तेव्हा म्हातारा खुर्चीत बसून प्रत्येकाचं नाव घेत होता. मला म्हणाले, "बाई, अब खोलो उसका घुंगरू. बेचारी को जीने दो." गिरेबाज मादी गेली तेव्हा रडलेला माणूस हे म्हणाला. काही माणसं अशी असतात. आपल्या नात्यात नाहीत.

मी त्याच दिवशी घुंगरू सोडलं. भिंगरीनं मान झटकली, दोन पावलं टाकली, कान टवकारून आपलाच आवाज येतो का ते ऐकलं आणि नाहीशी झाली. संध्याकाळच्या आत उंबऱ्यावर केवढी तरी घूस! मी एकटीच टाळ्या वाजवल्या. लोकांची पोरं परीक्षेत पहिली आली की त्यांना काय वाटत असेल ते मला कळलं. हे तुला लागेल म्हणून लिहीत नाही, तू दहावीला केंद्रात तिसरी आली होतीस, मला आठवतं.

पण तुझं कुत्रं रुसलं आहे. दिवसभर स्वयंपाकघराच्या चौकटीला चिकटून बसतं. उठलं तर भिंतीला अंग घासत चालतं, इतकं की चुन्यावर घोट्याएवढ्या उंचीवर मळकट पट्टा उठला आहे. उन्हाळ्यासाठी दिवाण खिडकीखालून हलवला तर दोनदा त्याच्यावर जाऊन आपटलं, मला मुद्दाम दाखवायला. घरातच घाण करतं. भिंगरी शेजारून गेली तरी ह्याला पत्ता नाही. म्होरक्या गेला की मेंढरू बसतं, ते मी समजू शकते, पण किती दिवस? रुसण्याचे गुण त्यानं कुणाकडून घेतले ते मी लिहायला नको.

मी दमले आहे. शेवटचं सांगते. एप्रिलअखेर नेलं नाहीस तर धुळाला देईन. तिकडं मेंढरांत पडलं तर कुणाच्या लक्षातही येणार नाही.

आई

सोलापूर, २५ एप्रिल २०२५

राजनंदिनी,

तुझं पत्र मिळालं. पत्र म्हणायचं ते शिष्टाचार म्हणून. "१८ मे, रविवारी येते. नव्या फ्लॅटमध्ये कुत्रं चालतं. कुकीला घेऊन लगेच निघेन. जेवण करू नकोस." खाली सहीसुद्धा नाही. शिपायाला चिठ्ठी द्यावी तशी.

ते वाचून मी पाकीट फ्रिजवर ठेवलं आणि म्हणाले, सुटले. आता सांगते ते नीट वाच.

काल पाण्याची पाळी होती. पाच दिवसांनी नळ आला म्हणजे काय धांदल असते ते तू विसरली नसशील. अंगणातल्या जमिनीलगतच्या हौदाचं झाकण काढलं, आत पाइप सोडला आणि मी मागं भांडी भरायला गेले. हौदाला वळसा घालून जाणारं जनावर, ते पडेल असं माझ्या मनातही आलं नाही. किती तरी वेळानं लक्षात आलं की काहीतरी खरवडल्याचा आवाज येतोय. मांजर असेल म्हणून मी दुर्लक्ष केलं. मग भिंगरी भिंतीवर बसलेली दिसली, हौदाकडं बघत.

तो आत होता. पाणी निम्म्याच्या वर चढलेलं, पाइप चालूच, आणि हा गोल गोल पोहत भिंतीला नखं घासत होता. भुंकत नव्हता. मी हाक मारली तर भलत्याच बाजूला गेला. बादली सोडली तर बादलीशेजारून निघून गेला. मी ओरडून मुमताजला बोलावलं आणि आत उतरले. ह्या वयात, साडी खोचून, छातीभर पाण्यात. त्याला मानेला धरून वर दिला तेव्हा मुमताज रडत होती आणि मला शिव्या देत होती, "म्याडम, मेला असता की तुमी दोगं बी!"

टॉवेलात गुंडाळून ओट्यावर ठेवला. पुसताना माझा हात त्याच्या डोळ्यांसमोरून गेला. पापणी हलली नाही. मी परत हात नेला. मग बोट नेलं, अगदी बुबुळापर्यंत. काही नाही. त्याच्या डोळ्यांत माझा हातच नव्हता.

नंदू, तो आंधळा आहे.

आबांच्या कळपात एक ठिपक्यांची मेंढी होती. सगळ्या कळपात शिस्तीची तीच. कधी कुणाच्या शेतात शिरली नाही, कधी मागं राहिली नाही, म्होरक्याच्या घुंगरांशी नाक लावून चालायची. आम्ही पोरं तिला शाळामास्तरीण म्हणायचो. एका चैत्रात म्होरक्या मेला, पट्टा खुंटीला गेला आणि दुसऱ्याच दिवशी ती ओढ्याच्या दरडीवरून खाली गेली. आबा तिच्याजवळ बसून म्हणाले, "आंधळी व्हती रं. आपुन शाणी म्हणलो तिला." मी तिथं उभी होते. आठ वर्षांची असेन. आणि तरी अंगणात कुत्रं घुंगरामागं चाललं, तेव्हा मी आणि धुळा दोघंही काय म्हणालो? शाणं आहे! दुसऱ्या कुठल्याही घरात लोकांनी आधी त्याचे डोळे बघितले असते. आम्ही धनगर, आम्हाला तो गुण दिसला.

काल मी खूप रडले. हे लिहून ठेवते, कारण बोलून सांगितलं तर तुला खरं वाटणार नाही.

जनावरांच्या डॉक्टरांकडं नेलं. मोतीबिंदू नाही, आतला पडदाच गेला आहे, ऑपरेशनचा उपयोग नाही म्हणाले. दीडेक वर्ष नजर हळूहळू जात असणार. म्हणजे तुझ्याकडं होता तेव्हाच सुरुवात झाली होती आणि तुलाही दिसलं नाही. मी सांगि...

जाऊ दे. तेव्हा तुला दुसरं बघायला बरंच होतं.

आई

सोलापूर, ९ मे २०२५

चि. नंदू,

हे पत्र तुला निघायच्या आधी मिळावं म्हणून स्पीडपोस्टानं पाठवते आहे.

आधी भिंगरीचं. मी तिच्या गळ्यात परत घुंगरू बांधलं. नाइलाज होता, मला एक डोळस जनावर आणि एक आंधळं जनावर सांभाळायचं होतं. तिनं या वेळी ओरखडलं नाही. बांधून घेतलं आणि माझ्याकडं बघत बसली. मग तीन दिवस घरी आली नाही. आली तेव्हा मानेवरचे केस गेलेले, कातडी लाल, घुंगरू कानाजवळ अडकलेलं. कुठल्या तरी तारेवर घासून तोडायला बघत होती. पोट पाठीला लागलेलं. तरी दुधाच्या वाटीकडं पाठ केली ती केलीच. मी कात्रीनं नाडी कापली. तिला त्यात गोवायला नको होतं. ज्याला एकट्यानं जगता येतं त्याच्या गळ्यात दुसऱ्याचा रस्ता बांधू नये, असं माझं आता मत झालं आहे. तुला हे वाचून काही सुचलं तर ते तुझ्यापाशीच ठेव.

मग राहिलं कोण? घरात चालणारी आणखी एकच आहे.

घुंगरू मी माझ्या डाव्या पायात बांधलं आहे.

हसायचं ते हसून घे, सगळी कॉलनी हसते आहे. बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मी नुसती व्हरांड्यात आले तर वर्ग चिडीचूप व्हायचा. आता मी आले की आधी खुळखुळ येते. भाजीवाला म्हणतो, "बाई, डान्स क्लास लावला काय?" त्याच्याकडून भाजी घेणं बंद केलं आहे. अरिबा माझ्या चालण्याची नक्कल करते. राजेसाब त्यांच्या खुर्चीतून विचारतात, "बाई आयी क्या?" आणि मी आल्याचं त्यांना फाटक उघडायच्या आधी कळतं, त्यांना ते आवडतं. काल मी पेन्शनच्या कामाला बँकेत गेले आणि सोडायला विसरले. सगळी रांग वळून बघायला लागली. मी त्यांच्याकडं असं बघितलं की सगळे परत पुढं बघायला लागले.

पण कुकी चालतो. सकाळी मी उठले की उठतो. न्हाणीघर, ओटा, अंगण, तुळस, परत ओटा. चार हात मागं, खाली मान घालून. भिंतीला घासत नाही. हौदाला वळसा घालतो, कारण मी घालते. पोरगी हौदात पडेल अशी भीती मला तू लहान असताना वाटायची, तीच आता परत वाटते, म्हणून झाकणाला कुलूप लावलं आहे. दुपारी मी बसले की तो माझ्या पायाशी, घुंगराला नाक लावून झोपतो. आणि काल, खरं सांगते, भिंगरी भिंतीवरून उतरली, उंदीर नेहमीसारखा उंबऱ्यावर न ठेवता त्याच्या नाकासमोर ठेवला आणि निघून गेली. तिला वाटत असेल, आंधळ्याला शिकार कुठून मिळणार. कुकीनं तो हुंगला आणि घाबरून माझ्या साडीत शिरला. त्याचं धाडस काही वाढलेलं नाही.

आता १८ तारखेचं. कुत्रं तुझं आहे, मी अडवणार नाही. पण नव्या घरात तू त्याला सोडशील, ऑफिसात जाशील आणि तो दिवसभर चार भिंतींना घासत फिरेल. मला ते बघवणार नाही, आणि मी ते बघायलाही नसणार. नेणारच असशील तर पट्ट्यात अजून घुंगरं आहेत, एक तुझ्या पायाच्या मापाच्या नाडीत ओवून ठेवलं आहे. घेऊन जा. न्यायचं नसेल तरी ते घाल आणि ह्या घरात दोन दिवस चाल, म्हणजे त्याला तूही ओळखीची होशील. पुढच्या वेळी तू आलीस की तो तुझ्याही मागं येईल. पुढची वेळ येणार असेल तर.

तुझी मला आठवण येते. हे वाक्य मी तीन पत्रांतून खोडलं होतं. आज राहू दे.

जेवण करू नकोस असं तू लिहिलं आहेस. मी करणार. ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी आणि तुला आवडतं ते वांगं. तुझ्यासाठी नाही, मलाही जेवावं लागतंच.

फाटकाची कडी वाजवू नकोस, मुमताज धावत येते. नुसती उभी राहा. मला उठायला वेळ लागतो, गुडघे माझेही राजेसाबांसारखेच व्हायला लागलेत. पण मी निघाले आहे हे तुला ऐकू येईल.

आणि या वेळी आधी पाणी देईन. बोलायचं ते नंतर.

आई